मुलांच्या संघातील मुली : महाराष्ट्रातील एका क्रीडावादाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

मुलांच्या संघातून मुलींना खेळू द्यावे किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता शाळेतील क्रीडाशिक्षकाने मैदानावरच निकालात काढावा इतका किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या पोटात दोन निराळे प्रश्न दडलेले आहेत. पहिला शरीरसामर्थ्याचा : मुलगी मुलाच्या बरोबरीने खेळू शकते काय? दुसरा अधिकाराचा : ती खेळू शकते की नाही हे कोणी ठरवावयाचे आणि कोणत्या कसोटीवर? वाद होतो तो बहुधा पहिल्या प्रश्नाच्या भाषेत. निर्णय होतो तो मात्र पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने. महाराष्ट्रातील क्रीडा-इतिहासात या दोहोंची फारकत स्पष्ट करून दाखविणारी दोन प्रकरणे आहेत. एक कुस्तीच्या आखाड्यातील आहे, दुसरे बुद्धिबळाच्या पटावरील. शरीरबळाचा जेथे सर्वांत अधिक संबंध, असा एक खेळ; आणि जेथे तो मुळीच नाही, असा दुसरा. दोन्ही ठिकाणी स्त्रीच्या प्रवेशास विरोध झाला. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिल्यास विरोधाचे मूळ कोठे होते याचा उलगडा होतो, आणि सोलापूरसारख्या जिल्ह्यात आज हा प्रश्न कोणत्या स्वरूपात उभा आहे हेही ध्यानात येते.

२. शिक्षणक्षेत्रातील पूर्वपीठिका

मैदानावरील या वादाच्या आधी अर्धशतकाहून अधिक काळ महाराष्ट्रात तोच वाद वर्गात होऊन गेला होता. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा मुलींना मुलांचाच अभ्यासक्रम शिकवावा काय, यावर तीव्र मतभेद झाले. लोकमान्य टिळकांनी त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर केलेली टीका प्रसिद्धच आहे. मुलींनी शिकूच नये असे टिळकपक्षाचे म्हणणे नव्हते. मुलींचे शिक्षण मुलांहून निराळे असावे, असे होते. येथे ‘निराळे’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पुढे क्रीडाक्षेत्रात तोच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतो.

त्याच सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया सोराबजी ही एकच विद्यार्थिनी पुरुष विद्यार्थ्यांच्या वर्गात शिकत होती. १८८८ साली ती उच्च श्रेणीत पदवीधर झाली. तिच्या गुणवत्तेस इंग्लंडमधील उच्चशिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. ती केवळ स्त्री म्हणून नाकारण्यात आली. स्पर्धा एकच, परीक्षा एकच, परीक्षकही तेच. भेद केला गेला तो निकालानंतर. अर्थात् ‘तिला हे झेपणार नाही’ हा आक्षेप येथे टिकणारा नव्हता. तिला ते झेपले होते, आणि नेमकी तीच अडचण ठरली.

१९१६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन केले. स्वतंत्र अभ्यासक्रमामुळे स्त्रीशिक्षण दुय्यम ठरेल, असे म्हणणारे टीकाकार तेव्हा होते. तथापि कर्व्यांच्या विद्यापीठामुळे अन्य विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद झाली नाहीत. ज्यांना तेथे जाणे शक्य नव्हते अशांसाठी आणखी एक दार उघडले. स्वतंत्र संस्था ही कुंपण होते की पायरी होते, हे ती संस्था निराळी असण्यावर अवलंबून नसून तिच्या शेजारचे मुख्य दार उघडे आहे की नाही यावर अवलंबून असते. क्रीडाक्षेत्राचा विचार करताना हा भेद विसरून चालत नाही.

३. कुस्तीचा आखाडा : हमीदा बानू

उत्तर प्रदेशातील हमीदा बानू या स्त्री-मल्लाने १९४० व १९५० च्या दशकांत पुरुष मल्लांशी कुस्त्या खेळून मोठा बोलबाला मिळविला. ‘जो मला हरवील त्याच्याशी मी विवाह करीन’ अशा आशयाचे तिचे आव्हान १९५४ साली गाजले. त्याच वर्षी मे महिन्यात तत्कालीन मुंबई राज्यातील बडोद्यास तिने बाबा पहिलवान याला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. या कुस्त्यांपैकी काही ठरवून केलेल्या असाव्यात, असा संशय त्या काळीही व्यक्त झाला होता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र तिच्या जिंकलेल्या कुस्त्यांपेक्षा न झालेली कुस्ती अधिक बोलकी आहे. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची लढत स्थानिक कुस्ती-संघटनेच्या आक्षेपामुळे रद्द करावी लागली. दुसऱ्या एका ठिकाणी पुरुष मल्लास हरविल्यावर प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडविली, दगडफेक केली आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. तिच्या कुस्त्यांवरील बंदीविषयी तिने मोरारजी देसाई यांच्याकडे गाऱ्हाणे नेले, तेव्हा मिळालेले उत्तर अभ्यासनीय आहे. ही बंदी ती स्त्री आहे म्हणून नव्हे, तर आयोजक तिच्यासमोर नामधारी मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्यामुळे आहे, असे तिला कळविण्यात आले.

या उत्तराचे दोन अर्थ संभवतात. लढती खरोखरच बनावट असतील, तर शासनाने प्रेक्षकांची फसवणूक टाळली असे म्हणता येईल. परंतु लुटुपुटीच्या कुस्त्या पुरुषांच्या फडातही होत असत आणि त्या कारणास्तव पुरुषांची कुस्ती कोणी बंद केली नाही. शिवाय पुण्याची लढत रद्द झाली ती लढत होण्यापूर्वी. तिच्या खरेपणाची परीक्षा होण्याची संधीच उरली नाही. पुरुष मल्ल हरला असता तर त्याची नाचक्की, जिंकला असता तर त्यात भूषण ते कसले, अशा पेचातून संघटनेने काढलेला मार्ग म्हणजे लढतच न होऊ देणे. येथे रक्षण झाले ते स्त्रीच्या शरीराचे नव्हे, पुरुषाच्या प्रतिष्ठेचे.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली स्थापन झाली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब सुरू झाला. महिलांसाठीची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा सांगली येथे झाली ती मार्च २०२३ मध्ये. प्रतीक्षा बागडी ही तिची पहिली विजेती. म्हणजे आखाड्यातून स्त्रीला बाजूस सारण्यास एक आक्षेप पुरेसा झाला, पण तिच्यासाठी त्याच तोलाचा स्वतंत्र किताब निर्माण होण्यास मूळ किताबानंतर ६२ वर्षे लागली. ‘मुलींनी मुलांत खेळू नये, त्यांचे त्यांनी स्वतंत्र खेळावे’ असे म्हणणाऱ्यांवर ते स्वतंत्र मैदान लगोलग उभे करण्याचे दायित्व येते. ते पाळले गेले नाही, तर ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ व्यवहारात ‘मुळीच नाही’ असा होतो.

४. मान्य झालेली मिश्रता आणि स्वतंत्र संघ

स्त्री-पुरुषांनी एकत्र खेळण्यास महाराष्ट्रीय समाजाचा सरसकट विरोध होता, असे मात्र म्हणता येत नाही. टेनिस व बॅडमिंटन या खेळांत मिश्र दुहेरीचे सामने फार पूर्वीपासून मान्य होते. संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव या स्वतः टेनिसपटू होत्या, आणि त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळविला. क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर व सुमन या कन्यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव मिळविले. मिश्र दुहेरीस आक्षेप न येण्याचे कारण उघड आहे. तेथे दोन्ही बाजूंस एकेक स्त्री असते, तिचे स्थान नियमानेच नेमलेले असते, आणि तिच्यामुळे कोणा पुरुषाची जागा जात नाही. एकत्र खेळणे ही अडचण नव्हती. पुरुषासाठी राखलेल्या जागेवर स्त्रीने हक्क सांगणे ही अडचण होती.

सांघिक खेळांत स्वतंत्र महिला संघांचा मार्ग पत्करला गेला. कबड्डीची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कलकत्ता येथे, तर खो-खोची १९६०-६१ मध्ये कोल्हापूर येथे झाली. क्रिकेटमध्ये महिलांची राष्ट्रीय संघटना व पहिली राष्ट्रीय स्पर्धा ही दोन्ही १९७३ सालची. पुण्यात भरलेल्या त्या स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. या मार्गाचे यश नाकारता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्रातील खेळाडूंकडे होते. स्वतंत्र महिला संघ नसते, तर शेकडो मुलींना राज्य वा राष्ट्राचे प्रतिनिधित्व करण्याची संधीच मिळाली नसती. ‘सर्व संघ एकत्र करा’ असे म्हणणाऱ्यांनी ही बाजू विसरता कामा नये. एकाच खुल्या संघात बहुतेक जागा मुलांनीच पटकाविल्या असत्या.

५. बुद्धिबळाचा पट : १९७६

शरीरसामर्थ्याचा मुद्दा ज्यात मुळीच उद्भवत नाही असे प्रकरण १९७६ साली घडले. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तीन कन्या बुद्धिबळात निपुण होत्या. महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली प्रथम झाली आणि तिची पहिली विजेती वासंती. पुढे दीर्घकाळ हे विजेतेपद प्रामुख्याने याच घरात राहिले. जयश्री १९७९ साली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळविणारी पहिली भारतीय ठरली. रोहिणीने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा, तर आशियाई विजेतेपद १९८१ व १९८३ अशा दोन वेळा मिळविले.

१९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. असे करणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या सहभागावरून मोठे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे निर्णय तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूव्हे यांनीही स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला.

या प्रकरणाचे महत्त्व एका मुलीच्या प्रवेशापुरते नाही. कुस्तीत विरोध झाला तेव्हा शरीररचना, दुखापत, लज्जा अशी कारणे सांगता येत होती, आणि ती सर्वस्वी पोकळ होती असेही नाही. पटाच्या दोन बाजूंस बसून लाकडी सोंगट्या हलविण्यात यांपैकी एकही कारण लागू पडत नाही. तरीही विरोध झाला. ज्या आक्षेपाचा आधार काढून घेतला तरी आक्षेप उभाच राहतो, त्याचा खरा आधार दुसराच असला पाहिजे. तो आधार येथे नावाचा होता. ‘पुरुषांची स्पर्धा’ ही संज्ञा रूढ होती. ती सर्वोच्च स्पर्धेचे नाव होती की लिंगभेदाचा नियम होती, हे कोणी तपासलेच नव्हते. एका तेरा वर्षांच्या मुलीच्या प्रवेशामुळे ते तपासणे भाग पडले.

असा अनुभव केवळ भारतातच आला असे नाही. व्हेरा मेन्चिक ही १९२९ साली कार्ल्सबाड येथे नामवंत पुरुष खेळाडूंबरोबर खेळली, तेव्हा तिची टवाळी झाली होती. हंगेरीच्या सुसान पोल्गार हिला १९८६ साली पात्रता मिळवूनही पुरुषांच्या विभागीय स्पर्धेत प्रवेश मिळाला नाही. तिची धाकटी बहीण जुडिथ १९९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ग्रँडमास्टर झाली. महाराष्ट्रातच पाहावयाचे तर जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि त्या विजयामुळेच तिला ग्रँडमास्टर हा सर्वसाधारण किताब मिळाला. येथे महिलांची स्वतंत्र स्पर्धा मुख्य किताबाकडे नेणारी पायरी ठरली. १९७६ च्या निर्णयाने मुख्य दार उघडे राहिले आणि स्वतंत्र स्पर्धाही चालू राहिल्या. या दोहोंच्या संयोगातून मराठी मुलींची बुद्धिबळातील परंपरा वाढली.

६. परदेशांतील निवाडे

शाळकरी मुलींच्या सांघिक खेळांविषयी न्यायालयीन वाद पाश्चात्त्य देशांत विशेष झाले. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मुलांच्या बेसबॉल संघातून एका मुलीला काढून टाकण्यात आल्यावर वाद माजला आणि १९७४ साली त्या राष्ट्रव्यापी बालसंघटनेने मुलींना प्रवेश देण्यासाठी आपली घटनाच बदलली. उलटपक्षी इंग्लंडमध्ये १९७८ साली फुटबॉल खेळू पाहणाऱ्या एका मुलीचा दावा अपील न्यायालयाने फेटाळला. बळ, दम व शरीरयष्टी यांमुळे सामान्य स्त्री ज्या खेळात मागे पडते तेथे भेद करण्यास तेथील १९७५ च्या कायद्याने मुभा दिली होती. ही मुलगी मुलांच्या तोडीची होती. पण न्यायालयाने ‘सामान्य स्त्री’ या मापाने कायदा लावला. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १९८६ साली न्यायालयाने याच्या विरुद्ध कौल दिला आणि हॉकी-संघात मुलींना नाकारण्यास आधार देणारे कलम घटनाबाह्य ठरविले.

या निवाड्यांतील मतभेदाचे मर्म मापात आहे. मुलीला तिच्या स्वतःच्या कौशल्याने मोजावयाचे की तिच्या जातीच्या सरासरीने? शरीरशास्त्राची साक्ष घेतली तर तारुण्यपूर्व वयात मुलामुलींच्या क्रीडाक्षमतेत फारसे अंतर नसते. तारुण्यानंतर मात्र ते निश्चित पडते. धावण्याच्या शर्यतींत श्रेष्ठ स्त्री-पुरुष खेळाडूंमधील अंतर सुमारे १० ते १२ टक्के असते. तेव्हा सोळा वर्षांवरील कुस्तीचा नियम दहा वर्षांच्या मुलांच्या खो-खोला लावणे अशास्त्रीय होय; आणि दहा वर्षांच्या मुलांचा अनुभव दाखवून प्रौढांच्या स्पर्धांतील विभाग मोडून टाकणेही तितकेच अशास्त्रीय होय.

७. सोलापूर जिल्हा आणि आजचा प्रश्न

हा इतिहास सोलापूरच्या संदर्भात लावून पाहिला म्हणजे त्यातील व्यावहारिक पेच दिसू लागतो. सोलापूर हे श्रमिकांचे नगर. येथील गिरण्यांत, हातमागांच्या घरांत आणि विडी-कारखान्यांत पिढ्यान् पिढ्या स्त्रियांनी कष्ट उपसले. बायकांचे शरीर श्रमास नाजूक आहे, असा आक्षेप कांड्या भरताना वा विड्या वळताना कोणी घेतला नाही. अंगमेहनतीस समर्थ ठरलेले तेच शरीर मैदानात आले की नाजूक ठरते, ही विसंगती ज्या नगरात सहज ध्यानात यावी असे हे नगर आहे.

जिल्ह्याने भारतीय महिला क्रिकेटला खेळाडू दिल्या. यष्टिरक्षक-फलंदाज अनघा देशपांडे या मूळच्या सोलापूरच्या. माळशिरस तालुक्यातील मिरे या गावची शेतकरी कुटुंबातील किरण नवगिरे भालाफेक, गोळाफेक व धावणे अशा मैदानी खेळांतून क्रिकेटकडे पुष्कळ उशिरा वळली. एप्रिल २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा काढल्या. वीस षटकांच्या सामन्यात दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय खेळाडू, आणि येथे ‘महिला खेळाडू’ असे म्हणण्याची आवश्यकता नाही, कारण तोवर कोणाही भारतीय पुरुषाने ती मजल गाठली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती भारताकडून खेळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून खेळताना तिने ३४ चेंडूंत शतक पुरे केले.

तिच्या वाटचालीतून निघणारा प्रश्न असा : ज्या मुलीच्या अंगी असे सामर्थ्य आहे, तिला सांघिक खेळ किती लवकर भेटतो? भाला एकटीने फेकता येतो, शर्यत एकटीने धावता येते. क्रिकेटला अकरा, खो-खोला नऊ, कबड्डीला सात जणी लागतात. लहान गावच्या शाळेत एका वयोगटातील खेळू इच्छिणाऱ्या इतक्या मुली एकत्र मिळणे दुर्घट असते. मुलांचा संघ मात्र कसाबसा उभा राहतो. अशा गावी ‘मुलींनी मुलींच्या संघातून खेळावे’ हा नियम शब्दशः न्याय्य असला, तरी परिणामी तो ‘मुलींनी खेळू नये’ असाच होतो. हरियाणातील शफाली वर्मा हिला लहानपणी केस आखूड कापून मुलाच्या वेषात मुलांबरोबर खेळावे लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे ती देशाकडून खेळली म्हणून या हकीकतीचे कौतुक होते. परंतु जिला असे सोंग घेण्यास घरून पाठबळ मिळाले नाही, अशा मुलीची हकीकत कोठेही नोंदली जात नाही. नियमाने होणारी हानी मोजावयाची, तर या न नोंदलेल्या मुलींच्या बाजूनेच मोजली पाहिजे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक : मुलींच्या प्रवेशास झालेला विरोध हा केवळ शरीरभेदावर आधारलेला होता, असे इतिहास सांगत नाही, बुद्धिबळाचे प्रकरण त्याविरुद्ध निर्णायक पुरावा आहे. दोन : स्वतंत्र महिला संघ व स्पर्धा यांनी मुलींचे हित साधले आहे आणि तारुण्यानंतरच्या बलप्रधान खेळांत त्यांची आवश्यकता पुढेही राहील. तीन : स्वतंत्र व्यवस्था न्याय्य ठरते ती दोनच अटींवर. ती कागदावर नव्हे तर प्रत्यक्ष मैदानावर अस्तित्वात असली पाहिजे. आणि जेथे ती नाही, किंवा जेथे शरीरबळ निर्णायक नाही, तेथे मुख्य संघाचे दार मुलीला तिच्या कौशल्याच्या कसोटीवर उघडे असले पाहिजे.

या तत्त्वानुसार प्राथमिक व पूर्वमाध्यमिक शाळांत, जेथे मुलींचा संघ उभा राहू शकत नाही तेथे, मुलांच्या संघात मुलींना घेण्यास प्रत्यवाय नसावा. याउलट मुलींच्या संघात मुलांना घेण्याचा प्रश्न सारखाच मानता येणार नाही, कारण तेथे आधीच दुर्मिळ असलेल्या जागा कमी होतात. दिसण्यात हा नियम एकतर्फी आहे खरा. पण दोन बाजूंची सुरुवातच जेथे विषम आहे, तेथे एकसारखा नियम विषमताच कायम करतो. पुण्यात रद्द झालेली कुस्ती आणि न्यायालयातून खेळविला गेलेला बुद्धिबळाचा डाव यांत अंतर सुमारे दोन दशकांचे आहे. पहिल्या ठिकाणी संघटनेचा शब्द अखेरचा ठरला, दुसऱ्या ठिकाणी संघटनेला आपल्या शब्दाचे कारण सांगावे लागले. मुलीला संघात घ्यावे किंवा न घ्यावे, ती कसोटीस उतरेल वा न उतरेल. परंतु तिला नाकारणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे आणि ते कारण तपासणीस टिकले पाहिजे, एवढा दंडक या इतिहासाने घालून दिला आहे. जिल्ह्यातील शाळांच्या संघनिवडीत तो पाळला जातो की नाही, हे पाहण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.